यंत्रलयीतील गजवाद्ये : पार्श्वपट, लेहरा आणि साथ

१

गज फिरवून वाजवावयाच्या वाद्यांचा समूह, म्हणजे व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बास ह्यांचा वृंद, आणि यंत्राने निर्माण केलेला ठेका, ह्या दोहोंचा संयोग हे गेल्या चार दशकांतील लोकप्रिय संगीताचे एक ठळक लक्षण होय. १९८७ च्या सुमारास लंडनमध्ये 'ॲसिड जॅझ' ह्या नावाने ओळखला जाऊ लागलेला संप्रदाय ह्या संयोगाच्या मुळाशी आहे. १९७० च्या आगेमागे अमेरिकेत निघालेल्या जॅझ आणि सोल संगीताच्या तबकड्या नृत्यगृहांत पुन्हा वाजवावयाच्या, त्यांच्यावर नवे ठेके चढवावयाचे आणि पुढे तोच बाज जिवंत वादकांकडून वाजवून घ्यावयाचा, अशी त्याची घडण होती. त्या जुन्या तबकड्यांत व्हायोलिनवृंद भरपूर होता. तो नव्या संगीतात उतरला आणि तेथून इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतर शाखांतही पसरला.

हा विषय मराठी अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या संगीतातील व्हायोलिनांचा जो तुकडा जगाच्या पाठीवर कदाचित सर्वांत अधिक वेळा ऐकला गेला असेल, तो मुंबईत वाजविला गेला होता. १९८१ सालच्या 'एक दुजे के लिए' ह्या चित्रपटातील 'तेरे मेरे बीच में' ह्या गीताच्या वाद्यखंडांतून घेतलेले तुकडे २००३ साली ब्रिटनी स्पीअर्सच्या 'टॉक्सिक' ह्या नृत्यगीतात वापरले गेले. मूळ गीताचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल. त्यांपैकी लक्ष्मीकांत ह्यांचे पूर्ण नाव लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. ते मुंबईत वाढले. तथापि, त्यांच्या आडनावातले कुडाळ म्हणजे ज्या तालुक्यात सिंधुदुर्गनगरी (ओरोस) हे जिल्ह्याचे मुख्यालय वसले आहे, ते कुडाळ होय. त्यांच्या वृंदात, आणि एकूणच मुंबईच्या चित्रपटसंगीतात, व्हायोलिने वाजविणारांपैकी फार मोठा वर्ग गोव्याहून आला होता. गोव्याहून मुंबईस जाणाऱ्या आगबोटी वेंगुर्ले व मालवण ही बंदरे घेत जात. सारांश, ज्या स्वरांचा येथे विचार करावयाचा, त्यांची वाट ह्याच किनाऱ्यावरून गेली आहे.

प्रस्तुत निबंधाचा हेतू मात्र वंशावळ सांगण्याचा नाही. यंत्रलयीच्या संगीतात गजवाद्ये नेमके कोणते कार्य करतात, हे तपासावे आणि त्या कसोटीवर काही प्रसिद्ध रचनांचे मूल्य ठरवावे, एवढाच त्याचा आवाका आहे. ह्या संगीताविषयी जे लिहिले जाते त्यात व्हायोलिनवृंदाला 'समृद्ध', 'मखमली', 'भव्य' अशी विशेषणे लावली जातात. ही विशेषणे नादाचे वर्णन करतात, कार्याचे करीत नाहीत. एकाच नादाचा वृंद एका रचनेत भिंतीसारखा उभा राहतो, दुसरीत ठेका सांभाळतो आणि तिसरीत गायकाशी बोलतो. ह्या तीन अवस्थांना वेगवेगळी नावे दिल्याखेरीज समीक्षा पुढे सरकत नाही. ती नावे सुदैवाने आपल्या संगीतव्यवहारात उपलब्ध आहेत.

२

पहिले कार्य पार्श्वपटाचे. सिंधुदुर्गातील देवळांच्या सभामंडपात दशावताराचा खेळ होतो, तेव्हा मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडे एवढीच रंगसामग्री असते. पात्रे येतात व जातात, प्रसंग स्वर्गात घडो की अरण्यात, पडदा तोच राहतो. पात्र उठून दिसावे, एवढेच त्याचे प्रयोजन. गजवाद्यांचा वृंद दीर्घ स्वर धरून जेव्हा गाण्यामागे स्वरसंवादाचा एक सलग थर पसरतो, तेव्हा तो पार्श्वपटाचे काम करीत असतो. (खुद्द दशावताराच्या वाद्यमेळात पखवाज, पायपेटी व झांज असते, गजवाद्य नसते. तेव्हा साम्य पडद्याच्या कार्यापुरतेच समजावयाचे.)

दुसरे कार्य लेहऱ्याचे. एकल तबलावादनात सारंगीवर किंवा पेटीवर एक छोटी स्वरपंक्ती आवर्तनामागून आवर्तन वाजविली जाते. तीच लेहरा किंवा नगमा. येथे नेहमीचा संबंध उलटा होतो. लय सांभाळण्याचे काम सुरावटीकडे येते आणि तालवाद्य मोकळे होऊन पुढे येते. लेहरा कंटाळवाणा होऊ नये, परंतु त्याने लक्षही वेधून घेऊ नये. त्याचा गुण स्थैर्यात असतो. तथापि, चांगला सारंगिया प्रत्येक आवर्तनात गजाचा दाब किंचित बदलतो, समेवर येताना स्वर थोडा ओढून घेतो, तबलजीच्या चालीकडे कान देऊन वाजवितो. लेहरा तोच असतो, पण तो प्रत्येक वेळी नव्याने वाजविलेला असतो.

तिसरे कार्य साथीचे. गायक एक वाक्य म्हणतो आणि साथीदार त्याची आस धरून ते पुढे नेतो, त्याला उत्तर देतो किंवा पुढच्या वाक्याची वाट करून देतो. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी बालगंधर्वांच्या गायनाशी असे नाते ठेवून होती. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या 'गीतरामायणा'त प्रभाकर जोग ह्यांच्या व्हायोलिनने हेच केले. पुढे जोगांच्या वादनाला 'गाणारे व्हायोलिन' हे नाव मिळाले, त्यात मराठी कानाची ह्या वाद्याविषयीची अपेक्षाच व्यक्त झाली आहे. व्हायोलिनने गावे, आणि गाताना दुसऱ्याचे ऐकावे, अशी ती अपेक्षा होय.

तिन्ही कार्यांत उच्चनीच लावण्याचे कारण नाही. प्रत्येकाची आपापली शुद्धी आहे. परंतु एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पार्श्वपटाला व लेहऱ्याला एकाच बाजूचे अवधान पुरते, साथीला मात्र दोन्ही बाजूंचे लागते. यंत्र ऐकत नाही. म्हणून यंत्रलयीच्या संगीतात साथ संभवते की नाही, आणि संभवत असेल तर कशी, हाच ह्या विषयातला खरा प्रश्न ठरतो.

३

ॲसिड जॅझला वारशाने मिळाला तो पार्श्वपट. आयझॅक हेज ह्यांच्या १९६९ सालच्या 'हॉट बटर्ड सोल' ह्या संग्रहात, तसेच पुढे फिलाडेल्फिया येथे गॅम्बल आणि हफ ह्यांनी काढलेल्या तबकड्यांत, व्हायोलिनवृंद गायकाच्या मागे रुंद पसरलेला आहे. १९८९ साली लंडनच्या 'सोल टू सोल' ह्या समूहाने 'कीप ऑन मूव्हिन' व 'बॅक टू लाइफ' ह्या रचनांत हाच नाद नव्या, सावकाश आणि जड ठेक्यावर आणला. त्यासाठी मायकेल रायली ह्यांनी उभारलेला 'रेगे फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा' वाजवावयास बसला होता. १९९३ साली जमिरोक्वाय ह्या समूहाच्या पहिल्या संग्रहातही व्हायोलिने अशाच रीतीने येतात. ती गाण्याला उंची देतात आणि त्याच्या बाहेर फारशी डोकावत नाहीत.

पार्श्वपटाची पराकाष्ठा मात्र ब्रिस्टल येथील 'मॅसिव्ह अटॅक' ह्या समूहाच्या १९९१ सालच्या 'अनफिनिश्ड सिम्पथी'त झाली. प्रथम ह्या रचनेत सिंथेसायझरवरील कृत्रिम व्हायोलिने होती. ती अपुरी वाटल्याने विल मॅलोन ह्यांच्याकडून संयोजन करून घेऊन ॲबी रोड येथे प्रत्यक्ष वृंद ध्वनिमुद्रित करण्यात आला. त्या खर्चासाठी समूहाने आपली मोटार विकली, असे सांगितले जाते. ही आख्यायिका मनोरंजक आहे, परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की एवढा खर्च करून नेमके काय मिळाले? स्वरलिपी पाहिली तर फार साधी आहे. दीर्घ स्वर, सावकाश सरकणारे स्वरसंवाद, ह्यापलीकडे तीत फारसे काही नाही. तेच स्वर सिंथेसायझरही धरू शकत होता. भेद पडला तो समूहाच्या स्वभावाने. वीस-पंचवीस माणसे एकच स्वर धरतात, तेव्हा तो तंतोतंत एका बिंदूवर कधीच नसतो. प्रत्येकाचे बोट केसभर इकडेतिकडे असते, प्रत्येकाचा गज निराळ्या क्षणी उलटतो. ह्या अतिसूक्ष्म विसंगतीमुळे स्वराला पोत येतो. खाली ठेका मात्र तसूभरही हलत नाही. ठेका अचल असल्यामुळे वरची ही हालचाल कानाला जाणवते. म्हणून माणूस चांगला व यंत्र वाईट, असा जो सोपा निष्कर्ष ह्या विषयात नेहमी काढला जातो तो टिकत नाही. गजाचा चल स्वर ऐकू येतो तो यंत्राच्या अचल लयीमुळेच. दोहोंना परस्परांची गरज आहे.

ह्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. १९८० ते १९९० ह्या दशकात सॅम्पलर हे यंत्र स्टुडिओंत रुळले. जुन्या ध्वनिमुद्रणातील कोणताही तुकडा कापून, त्याची पट्टी व गती बदलून, तो हवा तितक्या वेळा वाजविण्याची सोय त्याने करून दिली. ह्या यंत्राने पार्श्वपटाचा लेहरा केला. 'पोर्टिसहेड' ह्या समूहाच्या १९९४ सालच्या 'ग्लोरी बॉक्स'मध्ये आयझॅक हेज ह्यांच्या १९७१ सालच्या एका रचनेतील काही मात्रांचा खंड अखंड फिरत राहतो. मूळ ठिकाणी तो भाषणवजा निवेदनामागचा पट होता. येथे तो लयीचा आधार झाला आहे. गायिका त्याच्यावर विसंबून मोकळी होते, जसा तबलजी लेहऱ्यावर विसंबून मोकळा होतो. परंतु सारंगियाच्या लेहऱ्यात जे नित्य नूतनत्व असते ते येथे नाही. गजाचा तोच दाब, तोच खरखराट, तीच चूक असेल तर तीही, प्रत्येक आवर्तनात परत येते. 'ग्लोरी बॉक्स'ची थोरवी अशी, की ह्या निर्जीव पुनरावृत्तीलाच तिने अर्थ दिला. सुटका नसणे हा त्या गीताचा भाव आहे, आणि न बदलणारा लेहरा तो भाव वाहून नेतो.

४

आता मुंबईकडे वळले पाहिजे. येथे गजवाद्यांचा वृंद आला तो एका निराळ्या गरजेतून. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा होती. तेथे तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझवृंदांत व चित्रपटांच्या स्टुडिओंत आले. संगीतकार चाल गाऊन दाखवी, आणि स्वरलिपी जाणणारा वाद्यसंयोजक ती कागदावर उतरवून वृंदाकरिता निरनिराळे भाग लिही. ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन ह्यांच्याकडे हे काम दीर्घकाळ करणारे सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९६) हे ह्या परंपरेतले अग्रगण्य नाव. दुसरे नाव अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांचे. ते गोव्यातील माजोर्डा गावचे. १९५८ साली रागांवर आधारलेल्या वृंदरचना मुंबईत सादर करण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता. प्यारेलाल ह्यांनी व्हायोलिनचे शिक्षण त्यांच्याजवळ घेतले, आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील प्रसिद्ध गीतात त्यांचे नाव गुंफून गुरूचे ऋण मानले.

ह्या संयोजकांपुढची अडचण मोठी होती. पाश्चात्त्य वृंदाचा स्वभाव स्वरसंवादाचा आणि हिंदी गीताचा स्वभाव सुरावटीचा. गीतामागे भरगच्च स्वरसंवाद घातला तर चालीतील रागाची छटा बुजून जाते. ह्यावर मुंबईने जो तोडगा काढला तो असा : गाताना व्हायोलिनांनी कधी गप्प राहावे, कधी एखादी प्रतिसुरावट हलक्या हाताने चालवावी. ओळ संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी जी मोकळी जागा राहते, तेथे सर्वांनी एकाच सुरावटीत झेप घ्यावी. दोन कडव्यांमधल्या 'म्यूझिक'मध्ये तर त्यांनी गायकाची जागाच घ्यावी. सर्व वादक एकच सुरावट वाजवीत असल्यामुळे ती मींडेने वाजविता येई. वीस गज एका स्वरावरून दुसऱ्यावर एकदम घसरत जातात, हा नाद पाश्चात्त्य वृंदात विरळा आणि मुंबईत नित्याचा. म्हणजे पाश्चात्त्य आकाराच्या वृंदाकडून मुंबईने सारंगीचे काम करवून घेतले. समूहाने केलेली साथ, ही मुंबईची ह्या क्षेत्रातील खरी निर्मिती होय.

'तेरे मेरे बीच में' ह्या गीतातील व्हायोलिने ह्या पद्धतीची उत्तम साक्ष देतात. लता मंगेशकर व एस. पी. बालसुब्रह्मण्यम् ह्यांच्या गायनाशी ती एखाद्या तिसऱ्या पात्राप्रमाणे वागतात. त्यांचे उंच पट्टीतील तीव्र, घसरते आघात प्रश्नासारखे येतात आणि गीत त्यांना उत्तर देते. हे वाक्य त्या संवादाबाहेर काढले तर त्याला अर्थ उरेल काय?

'टॉक्सिक'ने ह्या प्रश्नाचे एक उत्तर दिले. स्वीडनमधील 'ब्लडशाय अँड अवांत' ह्या जोडीने मूळ ध्वनिमुद्रणातील निरनिराळ्या जागांचे तुकडे कापले, ते जोडून एक नवे वाक्य बनविले आणि मिनिटाला सुमारे १४३ ठोक्यांच्या गतीवर बसविले. ह्या रचनेला २००५ साली उत्कृष्ट नृत्यध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तिच्या यशाचे कारण व्हायोलिनांचा हा तुकडा आहे, ह्याबद्दल दुमत होण्यासारखे नाही. पण तोच तुकडा का? युरोपात व अमेरिकेत व्हायोलिनवृंदांची हजारो ध्वनिमुद्रणे हाताशी असता मुंबईच्या चार-दोन मात्रांची निवड झाली, ह्याचे श्रेय 'पौर्वात्य रंग' ह्या शब्दावर भागविता येत नाही. कारण रचनात्मक आहे. स्वरसंवादाचा थर कापला तर हाती आधी-मागे काही नसलेला फिका नाद येतो. मुंबईचे व्हायोलिनवाक्य मुळातच स्वल्प, एकसूर, स्वतःचा आरंभ व शेवट असलेले आणि कुणाला तरी उद्देशून उच्चारलेले होते. ते कापल्यावरही वाक्यच राहिले. मुंबईच्या संयोजकांनी गायकासाठी जी शिस्त पाळली, तिनेच ते तुकडे कापणाराला उपयोगी केले.

'टॉक्सिक'मध्ये तो तुकडा लेहरा झाला. ह्या रूपात तो अत्यंत परिणामकारक आहे आणि तसे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मूळ गीतातील प्रश्न येथे इशारा बनतो, आणि मोहाच्या विषाविषयीच्या गीताला तो शोभतो. मात्र त्यात जे गेले तेही सांगितले पाहिजे. ते वाक्य आता कोणाचेही ऐकत नाही. गायिका काहीही म्हणो, ते त्याच उंचीवर, त्याच दाबाने परत येते. साथीचा लेहरा होतो, तेव्हा स्वर उरतात आणि अवधान जाते.

नावेही जातात. 'टॉक्सिक'च्या रचनाकारांत चार नावे आहेत. लक्ष्मीकांत व प्यारेलाल त्यांत नाहीत. हे केवळ परदेशातले दुर्लक्ष नव्हे. इंग्लंडमध्येच १९९७ साली 'द व्हर्व्ह' ह्या समूहाच्या 'बिटर स्वीट सिम्फनी'ने गाजविलेला व्हायोलिनांचा लेहरा अँड्र्यू ओल्डहॅम ह्यांच्या वृंदाच्या १९६० नंतरच्या एका तबकडीतून घेतला होता. त्याचे संयोजन डेव्हिड व्हिटेकर ह्यांचे. हक्कांचा वाद झाला तो रोलिंग स्टोन्सच्या मूळ चालीवरून. रचना म्हणून ती जॅगर व रिचर्ड्स ह्यांच्या नावे झाली आणि त्यांनी २०१९ साली आपला हक्क सोडला. ह्या सर्व व्यवहारात, ज्याची सुरावट लोक प्रत्यक्षात गुणगुणत होते त्या संयोजकाला स्थान नव्हते. कायदा चालीला ओळखतो, तबकडीच्या मालकाला ओळखतो. चालीभोवती जे लिहिले व वाजविले जाते, त्याला तो सहसा ओळखत नाही. पण आपल्याकडे तरी स्थिती काय होती? चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, कवी व संगीतकार ह्यांची नावे छापली जात. संयोजकाचे नाव क्वचित, वादकांचे तर नाहीच. स्वीडनच्या रचनाकारांना वादकांची नावे ठाऊक नव्हती, ह्याचा खेद करण्यापूर्वी ती नावे मुंबईतच छापली गेली नव्हती, हे आठवणे उचित होय.

५

दुसरे उत्तर 'टॉक्सिक'पूर्वी दहा वर्षे दिले गेले होते. आइसलंडची गायिका ब्यर्क हिच्या १९९३ सालच्या 'डेब्यू' ह्या संग्रहाची निर्मिती प्रामुख्याने नेली हूपर ह्यांची, म्हणजे ज्या 'सोल टू सोल'चा उल्लेख वर आला त्याच वर्तुळातली. ह्या संग्रहातील 'व्हीनस ॲज अ बॉय' ह्या गीताच्या व्हायोलिनांचे दिग्दर्शन लंडनमधील तबलावादक तलविन सिंग ह्यांनी केले, आणि ती व्हायोलिने मुंबईतील चित्रपटवृंदाच्या वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेण्यात आली. श्रेयनामावलीत वृंदप्रमुख म्हणून साठे हे मराठी आडनाव छापलेले आहे. एकाचे तरी नाव छापले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

गीताचा ठेका यंत्राने बांधलेला आहे. त्यावर व्हायोलिने मुंबईच्या रीतीने येतात : एकसूर, घसरती, गायिकेच्या ओळींमधल्या फटीत शिरणारी. गायिका वाक्याच्या शेवटी स्वर सोडून देते तेथे ती तो उचलतात आणि मींडेने खाली आणून ठेवतात. हे वादक गायिकेसमोर बसलेले नव्हते. तिचा आवाज त्यांना ध्वनिमुद्रणातून मिळाला होता. म्हणजे साथीला आवश्यक असणारे दुहेरी अवधान येथेही पूर्ण नाही. वादकांनी गायिकेचे ऐकले, गायिकेने त्यांचे ऐकलेले नाही. तरीही अर्धी साथ येथे सिद्ध झाली आहे, आणि त्या अर्ध्या भागामुळे रचनेत श्वास आला आहे. यंत्रलयीत साथ संभवते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मग असे देता येईल : यंत्र ऐकत नसले तरी यंत्रावर वाजविणाऱ्या माणसाला ऐकण्याची मुभा द्यावी, एवढ्याने ती संभवते. त्यासाठी वादकाला बोलवावे लागते.

आणि येथेच ह्या विषयातील सर्वांत कटु वस्तुस्थिती समोर येते. ब्रिस्टल आणि लंडनचे संगीतकार सिंथेसायझरवरील व्हायोलिने टाकून खऱ्या वृंदाच्या शोधात निघाले, ती वर्षे १९८९ ते १९९३. ह्याच वर्षांच्या आगेमागे मुंबईच्या स्टुडिओंत उलट प्रवास चालू होता. सिंथेसायझर व संगणकीय मुद्रण स्वस्त झाले, एका वादकाने कळफलकावर वीस व्हायोलिनांचा आभास उभा करणे शक्य झाले, आणि ज्या दालनांत मोठा वृंद एकत्र बसून वाजवीत असे त्यांतील खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. वडिलांच्या शेजारी बसून मुलाने गज धरावा, अशी रीत असलेल्या घराण्यांत पुढच्या पिढीने अन्य व्यवसाय धरला. त्याच सुमारास गोव्याच्या अंजुणे किनाऱ्यावर 'गोवा ट्रान्स' नावाचे यंत्रसंगीत बहरले. त्यात व्हायोलिनांचा आभास देणारा सिंथेसायझरचा थर नित्याचा असतो. ज्या भूमीने मुंबईला गजधारी दिले, तिच्याच नावाने जगभर गेलेल्या संगीतात गज धरणारा कोणी नाही, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

२०१६ साली 'सैराट' ह्या मराठी चित्रपटासाठी अजय-अतुल ह्यांनी पुन्हा प्रत्यक्ष वृंद वापरला, तो मात्र अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जाऊन. 'याड लागलं' ह्या गीतातील त्या वृंदाचे भव्यपण निर्विवाद आहे, आणि ग्रामीण मराठी बोलीतील प्रेमगीताला सिंफनीच्या विस्ताराचा अधिकार आहे हे त्या गीताने ठामपणे सांगितले. मराठी चित्रपटसंगीताच्या इतिहासात ह्या आत्मविश्वासाचे मोल आहे. परंतु कार्याच्या दृष्टीने पाहता ही व्हायोलिने बहुतांशी पार्श्वपटाकडे वळलेली आहेत. ती गायकाला उचलून धरतात, त्याच्याशी बोलत क्वचितच. मुंबईने अर्धशतक खपून तयार केलेली समूहसाथीची बोली ह्या वृंदाला अवगत असण्याचे कारण नव्हते. ती स्वरलिपीत पुरती लिहिता येत नाही. मींड कोठे सुरू करावयाची, ओळ संपताना गज किती उशिरा उचलावयाचा, हे शेजारच्या खुर्चीवरून शिकावे लागते. खुर्ची गेली की ती बोलीही जाते.

ह्या विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. सॅम्पलरने केलेली निवड ही एक प्रकारची समीक्षाच होती. 'तेरे मेरे बीच में' ह्या गीताविषयी जे काही लिहिले गेले असेल ते चालीविषयी, शब्दांविषयी व गायकांविषयी. त्यातील व्हायोलिनवाक्य स्वतंत्र विचारास पात्र आहे, हे स्वीडनमधील दोघा निर्मात्यांच्या कानांनी ठरविले. त्यांनी ते कापले ही त्यांची मर्यादा म्हणता येईल, पण त्यांनी ते ऐकले होते. मराठीत नाट्यसंगीतापासून भावगीतापर्यंत विपुल लेखन झाले, तरी दोन कडव्यांमधले संगीत हे बहुतेक समीक्षकांच्या लेखी श्वास घेण्याची जागा राहिले. त्यामुळे संयोजकांची हस्तलिखिते, त्यांतील भागांची वाटणी, कोणत्या स्टुडिओत कोणी वाजविले ह्याच्या नोंदी, हा सर्व ऐवज अभ्यासाबाहेर पडला. त्या काळचे काही वादक आजही आपल्या गावी वृद्धापकाळ कंठीत आहेत. त्यांपैकी पुष्कळांची घरे सिंधुदुर्गापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडून ती बोली व ती नावे टिपून घेणे हे संशोधनाचे काम आहे, आणि ह्या कामाला काळाची मर्यादा आहे.

यंत्राने साथ बंद पाडली, असे म्हणणे सोपे आहे. 'अनफिनिश्ड सिम्पथी' व 'व्हीनस ॲज अ बॉय' ह्या रचना ते खोटे ठरवितात. साथ बंद पडते ती साथ करणाराला ऐकणारे कोणी उरले नाही म्हणजे. तसे ऐकणे समीक्षेला अजून शक्य आहे.